नाकाने कांदे सोलण्याचे प्राथमिक धडे

वाइनचे जाणकार व्हायला पंधरा-वीस वर्षं, बऱ्यापैकी वारसाहक्क आणि पेल्यात नाक खुपसून ‘ओल्या पाटीचा वास येतोय’ असं न हसता म्हणण्याची ताकद लागते. यातलं तिसरं सरावानं जमतं, दुसरं नशिबानं. पहिल्यासाठी मात्र कुणालाच वेळ नसतो. अशा होतकरूंसाठी ही प्रवेशिका आहे. हिच्यात एकच द्राक्ष शिकवलं आहे आणि ते मुद्दाम निवडलं आहे, कारण त्याची वाइन ओळखता न येणं जवळजवळ अशक्य. चारचौघांत उठून दिसायला एक गोष्ट पक्की येत असली तरी भागतं, बाकीचा वेळ मान डोलवावी.

पूर्वअटी दोन. महाराष्ट्रात वाइन प्यायला वय एकवीस पूर्ण हवं आणि सरकारी परवाना हवा. असा काही परवाना लागतो हे बऱ्याच जणांना याच ओळीवर कळेल.

द्राक्षाचं नाव गेवुर्त्सट्रामिनर. एकदा मोठ्यानं म्हणून बघा. जमलं नाही तरी हरकत नाही, धंद्यातली मंडळीही ‘गेवुर्त्स’ एवढ्यावर भागवतात. जर्मन लोक या नावातल्या एका अक्षरावर दोन टिंबं देतात, फ्रान्सच्या आल्सास प्रांतातले लोक ती गाळतात. म्हणजे लेबलावरची टिंबं मोजून बाटली फ्रेंच आहे का हे तुम्ही बूच काढण्याआधीच सांगू शकता. पहिल्याच पानावर एवढं दुसरी कुठलीही पुस्तिका देणार नाही.

धडा पहिला: नाक

मेच्या अखेरीस हातगाड्यांवर मुझफ्फरपूरची लिची येते. अर्धा किलो घ्या. देठाकडून नखानं टरफल फोडा, पण फळ लगेच तोंडात टाकू नका. टरफल आणि गर यांच्यामधला रस अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळायला लागला की अंगठा नाकाशी धरा. आधी नुसता गोड वास येईल. त्याच्या पाठोपाठ, जरा वरच्या पट्टीत, गुलाबाचा येतो, तो पकडा. आता गुलाबपाण्याची बाटली उघडून हुंगा. मग पुन्हा लिची. घरातल्यांनी ‘काय चाललंय’ असं विचारलं तर ‘अभ्यास’ म्हणून सांगा, ते खरंच आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीटर ओंग आणि टेरी अक्री यांनी हाच अभ्यास यंत्रं लावून केला. लिचीच्या आणि गेवुर्त्सट्रामिनरच्या वासाची फोड करून त्यांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्यांत बरीच द्रव्यं तीच ती निघाली. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. त्यातलं मुख्य द्रव्य सिस-रोज ऑक्साइड. ते गुलाबाच्या तेलातही असतं, आणि एका लिटरमध्ये मायक्रोग्रॅमच्या पाचव्या हिश्शाइतकं असलं तरी माणसाचं नाक त्याला टिपतं. त्याच्या सोबतीला जिरॅनिऑल असतं. त्याच्याशी तर आपला जुना घरोबा आहे. खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलात ते ठासून भरलेलं असतं, आणि एकेकाळी हे तेल मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानला जायचं ते तिथल्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला. तेव्हा ‘मला गुलाबाचा वास येतोय’ असं म्हणताना संकोच नको. ओल्या पाटीबद्दल मतभेद होऊ शकतात, इथे पुरावा प्रयोगशाळेतला आहे.

लिची आणि गुलाब हे दोन शब्द तोंडपाठ झाले की ‘आलं’ हा तिसरा जोडावा. थोडं धाडस आलं की ‘कोल्ड क्रीम’ म्हणावं. विनोद नव्हे, निव्हियाच्या निळ्या डबीचा उल्लेख वाइनच्या परीक्षेला बसणारे लोक गंभीर चेहऱ्यानं करतात.

मग एक घोट घ्या. इथे नवशिक्याला पहिला फटका बसतो. नाकानं गोडाचं आश्वासन दिलेलं असतं आणि वाइन कोरडी निघू शकते, अगदी ठणठणीत कोरडी. नाक साखर मोजत नाही, ते फक्त गोड पदार्थांच्या आठवणी काढतं. घोट तोंडात जड, किंचित तेलकट लागतो, कारण या वाइनमध्ये आंबटपणा कमी आणि मद्यार्क भरपूर, सहज तेरा-चौदा टक्के. जिभेच्या कडांना पाणी सुटत नाही. गिळल्यावर मागे एक कडसर चव राहते. तो दोष समजून बाटली परत करायला जाऊ नका, ती सालीतून आलेली असते.

आता एक अडचणीची गोष्ट. जाणकारांपुढे तुम्ही या वाइनचं नाव काढलंत की ते समजूतदारपणे हसतील. ‘सुरुवातीला आवडते,’ असं म्हणतील. ‘जरा भडक असते,’ म्हणतील, आणि रीसलिंग या द्राक्षाकडे वळतील. या हसण्याचा तुम्ही त्रास करून घेऊ नये. बहुतेक पांढऱ्या वाइन दाराआड उभ्या राहून बोलतात, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. गेवुर्त्सट्रामिनर स्वतःच येऊन मोठ्या आवाजात आपलं नाव सांगते, मग दुभाष्याचं काय काम? ज्या वाइनसाठी आपली गरज उरत नाही तिला बाळबोध ठरवणं हा कुठल्याही तज्ज्ञाचा साधा धंदेवाईक हिशेब आहे. ती खरोखर भडक असते हेही तितकंच खरं. दोन पेल्यांनंतर मलाही पुरे होते. पण पहिल्या पेल्याला जे समोर आहे ते जसंच्या तसं कळणं हा आनंद वाइनच्या जगात दुर्मीळ आहे, आणि तो वीस वर्षं शिकलेल्याला आणि काल सुरू केलेल्याला सारखाच मिळतो.

धडा दुसरा: कुलवृत्तांत

आपल्याकडे घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत निघतात. त्यांत मूळपुरुष असतो, शाखा असतात, दत्तक असतात आणि एखाद्या पानावर दोन शाखांचा न मिटलेला वाद असतो. द्राक्षांचा असाच ग्रंथ जॅन्सिस रॉबिन्सन, ज्युलिया हार्डिंग आणि जोसे वुयामो यांनी २०१२ साली काढला. ‘वाइन ग्रेप्स’ हे त्याचं नाव, आणि त्यात १,३६८ जाती आहेत. गंमत अशी की त्यात गेवुर्त्सट्रामिनरला स्वतंत्र जातीचा मान नाही. ते सावान्यँ नावाच्या जुन्या द्राक्षाचं रूप म्हणून नोंदलेलं आहे.

आधी गावाचं बघू. इटलीच्या अगदी उत्तरेला, दक्षिण टिरोलमध्ये, ट्रामिन नावाचं गाव आहे. इटालियन पाटीवर ते तेर्मेनो होतं. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, १९१९ च्या तहानं इटलीकडे गेला, पण गाव अजून जर्मन बोलतं. ट्रामिनर या नावाची वाइन मध्ययुगापासून आल्प्सच्या उत्तरेला माहीत होती, आणि द्राक्षानं आडनाव घेतलं ते याच गावाचं. मात्र जनुकांची मांडणी तपासणारे सांगतात की सावान्यँचा जन्म बहुधा इथला नाही, तर फ्रान्सचा ईशान्य कोपरा आणि जर्मनीचा नैर्ऋत्य कोपरा जिथे भेटतात त्या पट्ट्यातला. म्हणजे नाव एका गावाचं आणि जन्म दुसरीकडचा. हे ट्रामिनमध्ये मोठ्यानं बोलू नये.

सावान्यँ स्वतः पांढरं, गंभीर आणि बिनवासाचं म्हणावं इतपत सोज्वळ द्राक्ष. फ्रान्सच्या ज्युरा भागात त्याची ‘व्हाँ जोन’ म्हणजे पिवळी वाइन करतात. पिंप भरून टाकतात, उडून कमी झालेली वाइन पुन्हा भरत नाहीत, वर यीस्टचा पातळ पापुद्रा धरू देतात आणि सहा वर्षांहून जास्त काळ तिच्याकडे बघतही नाहीत. मग ती ६२० मिलीलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात. अक्रोड आणि मेथीच्या जवळपास जाणारा तिचा वास ज्याला आवडला तो सुटला, ज्याला नाही त्यानं पैसे घालवले.

या घराण्यात कधीतरी एका वेलीची साल गुलाबी झाली. त्या गुलाबी रूपालाही वास नव्हता. ते अजून आल्सासमधल्या हायलिगेनश्टाइन गावाभोवती ‘क्लेव्हनर’ म्हणून टिकून आहे. मग गुलाबी वेलीत आणखी एक बदल झाला. सुवासिक द्रव्यं तयार करणाऱ्या साखळीच्या सुरुवातीलाच जे जनुक बसतं त्यात एक अक्षर बदललं आणि द्रव्यांचा लोंढाच सुरू झाला. मस्कत जातीच्या द्राक्षांना वास येतो तोही याच जनुकातल्या दुसऱ्या एका बदलामुळे. सगळं अत्तर, सगळी लिची, जाणकारांचं ते समजूतदार हसू, हे सारं त्या एका अक्षराच्या चुकीवर उभं आहे. अशी वेल बियांनी टिकत नाही. ती कुणाच्या तरी नाकाला आवडली, त्यानं तिची काडी कापून दुसरीकडे लावली, आणि जगभरातलं गेवुर्त्सट्रामिनर हे त्या काड्यांचंच पीक आहे.

शाखाविस्तार मात्र मूळ सावान्यँचा बघा. सोव्हिन्यों ब्लां हे त्याचं अपत्य. शेनँ ब्लां हेही त्याचंच. ऑस्ट्रियाचं ग्र्यूनर वेल्टलिनर, जर्मनीचं सिल्व्हानर, मडेराचं वेर्देल्यो, सगळी एकाच घरातली. सोव्हिन्यों ब्लां आणि काबेर्ने फ्रां यांच्या संकरातून काबेर्ने सोव्हिन्यों झालं हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे लाल वाइनचा तो जगज्जेता या पांढऱ्या सावान्यँचा नातू. पिनो या द्राक्षाशी असलेलं नातं हे कुलवृत्तांतातलं वादाचं पान. दोघांत जन्मदाता आणि अपत्य असं नातं आहे एवढं निश्चित, पण जन्मदाता कोण आणि अपत्य कोण हे काही ठरत नाही.

आता आपला संबंध. राजीव सामंत यांनी नाशिकला सुला या वाइनरीसाठी सुरुवातीला ज्या जाती लावल्या त्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां. पहिली वाइन २००० साली आली. त्यानंतर नाशिक-दिंडोरीकडे पांढऱ्या वाइनचा जो संसार थाटला गेला त्यातल्या या दोन्ही जाती सावान्यँची लेकरं. तेव्हा गंगापूर धरणाकाठी बसून शेनँ पीत असाल तर तुम्ही गेवुर्त्सट्रामिनरच्या भावकीतच आहात, फक्त अत्तर लावणारी शाखा हजर नाही.

वंशावळीचा हा धडा क्लिष्ट वाटला तर ऑस्ट्रेलिया आठवा. तिथल्या कित्येक शेतकऱ्यांनी स्पेनचं अल्बारिन्यो म्हणून एक द्राक्ष हौसेनं लावलं, त्याची वाइन केली, लेबलं छापली, बाटल्या विकल्या. पाहुणा म्हणून आलेल्या एका फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाला वेली बघून शंका आली. २००९ मध्ये डीएनएचा निकाल लागला, ते सावान्यँ होतं. लेबलं बदलावी लागली.

धडा तिसरा: पेला धरणे

दांडीला धरावा. फिरवताना शेजाऱ्याच्या सदऱ्याकडे लक्ष असावं.

धडा चौथा: शेतकऱ्याची बाजू

आपल्या नाशिक-सांगलीच्या बागेत वेल कधी झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन कात्र्यांवर तिचं वर्ष चालतं. आल्सास किंवा दक्षिण टिरोलमध्ये ती थंडीत खरोखर झोपते आणि वसंतात जागी होते. गेवुर्त्सट्रामिनर जागं होतं ते इतरांच्या आधी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं. डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलच्या एखाद्या रात्री हिमतुषार पडला की कोवळे फुटवे करपतात. त्यातून वाचलं तर फुलोऱ्यात गळ. मग जे घड उरतात ते लहान, मणीही लहान, आणि उत्पन्न बेताचं. वेलीला रोगही चिकटतात.

एक घड हातात घेतलात तर तो पांढऱ्या वाइनचा वाटणारच नाही. मणी गुलाबी, काही राखाडीकडे झुकलेले, काही तांबूस, आणि वर भुरकट लव. बोटानं पुसली की खालचा रंग उजळतो. मणी चिमटीत दाबा, रस निघेल तो बिनरंगी. साल चावा, आधी मसालेदार आणि मग कडू. वाइनमधला तो शेवटचा कडसरपणा इथेच बसलेला असतो, आणि वासही सालीतच जास्त. म्हणून रस आणि साल किती वेळ एकत्र ठेवायची हा नाजूक प्रश्न होतो. थोडा वेळ ठेवली तर वास कमी, जास्त ठेवली तर कडू काढा. सालीच्या रंगामुळे वाइनही फिकट हिरवट न होता सोनेरी होते, कधी तिच्यावर तांब्याची झाकही येते.

पण खरी कसोटी काढणीची. या द्राक्षात साखर भराभर चढते आणि आम्ल भराभर उतरतं. वास मात्र शेवटी येतो. लवकर तोडलं तर आंबटपणा शाबूत, पण लिची नाही, गुलाब नाही. असल्या गेवुर्त्सट्रामिनरला मग कोण विचारतो? वासाची वाट बघत थांबलं तर आम्ल पळालेलं, साखर डोक्यावर, आणि ती सगळी आंबवली तर मद्यार्क चढा. अर्धवट आंबवली तर वाइन गोड. म्हणजे शेतकरी सप्टेंबरात रोज बागेत जाऊन मणी चाखतो तो ‘अजून दोन दिवस’ आणि ‘काल तोडायला हवं होतं’ या दोन वाक्यांच्या मधला दिवस शोधत. थंड रात्री लागतात त्या याचसाठी, रात्र थंड असली की आम्ल जरा टिकतं. उन्हाळ प्रदेशात हे द्राक्ष लावणाऱ्याला तो मधला दिवस सापडणं कठीण.

धडा पाचवा: लेबल

बाटली विकत घेताना सर्वांत आधी आल्सास शोधा. पश्चिमेला वोज पर्वत पाऊस अडवतो, त्याच्या पर्जन्यछायेतलं कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक. शरद ऋतू लांबतो, द्राक्षाला वासासाठी थांबायला मुभा मिळते. हा प्रांत १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि दुसरं महायुद्ध संपता संपता पुन्हा फ्रान्सकडे. त्यामुळे वाइन फ्रेंच, नावं जर्मन आणि बाटली उंच, सडपातळ. १९७२ पासून आल्सासची वाइन आल्सासमध्येच बाटलीबंद करण्याची सक्ती आहे.

लेबलावर ‘ग्रां क्रू’ असेल तर ती ५१ मानाच्या उतारांपैकी एकावरची. तिथे मुख्यतः चारच जातींना मान आहे: रीसलिंग, पिनो ग्री, मस्कत आणि आपलं गेवुर्त्सट्रामिनर. जाणकार हसतात, पण कायदा हसत नाही. ‘व्हाँदांज तार्दीव्ह’ म्हणजे उशिरा तोडलेल्या, साखर साठवलेल्या द्राक्षांची. ‘सेलेक्सियों द ग्रँ नोब्ल’ म्हणजे एका विशिष्ट बुरशीनं सुकवलेले मणी निवडून निवडून केलेली, त्याहून गोड आणि खिशाला त्याहून जड.

पूर्वी साध्या बाटलीवर गोड की कोरडी हे लिहिलेलंच नसायचं. लोक जेवणाबरोबर म्हणून उघडायचे आणि हातात सरबत यायचं. २०२१ च्या हंगामापासून ते छापणं बंधनकारक झालं. ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ जराशी गोड, ‘म्वालो’ बरीच गोड, ‘दू’ म्हणजे पक्वान्न. हे चार शब्द मोबाइलमध्ये उतरवून घ्या. या प्रवेशिकेतली पैसे वाचवणारी माहिती एवढीच आहे.

कोरडी आणि नेटकी हवी असेल तर मूळ आडनावाच्या गावची घ्यावी. ट्रामिनच्या सहकारी वाइनरीनं याच्या उलट टोकाचाही उद्योग करून ठेवला आहे. ‘एपोकाले’ नावाची गोडसर गेवुर्त्सट्रामिनर त्यांनी डोंगरातल्या एका जुन्या चांदीच्या खाणीत नेऊन वर्षानुवर्षं मुरवली. खाणीत तापमान बारा महिने सारखं, अंधार फुकट. तिच्या २००९ च्या हंगामाला ‘वाइन अ‍ॅडव्होकेट’ या वाइन-समीक्षेच्या नियतकालिकानं शंभरपैकी शंभर गुण दिले. इटलीच्या कुठल्याही पांढऱ्या वाइनला त्याआधी त्यांनी ते दिले नव्हते. सुरुवातीला आवडणाऱ्या भडक वाइनला!

धडा सहावा: जेवण

फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतू नये. चार अंशांवर ही वाइन मुकी असते, दहाच्या आसपास बोलू लागते आणि पुण्यातल्या मे महिन्यातल्या खोलीत अर्ध्या तासानं आरडाओरडा करते. पंधरा मिनिटं बाहेर ठेवून ओता, उरलेली पुन्हा आत.

परदेशी पुस्तकं एकमुखानं सांगतात की गेवुर्त्सट्रामिनर ‘भारतीय जेवणाबरोबर’ उत्तम. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लंडनमधला कोर्मा असतो. कोल्हापूरचा तांबडा रस्सा त्यानं पाहिलेला नाही. चौदा टक्के मद्यार्क मिरचीची आग विझवत नाही, वाढवतो, आणि आम्ल नसल्यामुळे जिभेला सोडवायला कुणी येत नाही. मालवणी तिखल्याशीही हिची गाठ घालू नका, तिथे सोलकढीच हवी. हिचं जमतं ते सौम्य, नारळाच्या दुधातल्या, आलं घातलेल्या पदार्थांशी: गोव्याकडचं माशाचं कालदीन किंवा कमी तिखटाचं थाई. ‘म्वालो’ बाटली असेल तर शेंगदाण्याच्या चटणीवर येऊ नका, खारवलेले काजू घ्या.

आल्सासवाले मात्र एकच जोडी शपथेवर सांगतात, मुन्स्टर चीज. वोजच्या डोंगरात होणारं हे चीज मुरत असताना त्याची साल वरचेवर ओल्या हातानं पुसतात. त्यामुळे ती नारिंगी, चिकट होते आणि तिचा वास बंद खोलीतूनही बाहेर पडतो. वर जिऱ्यासारखे दाणे भुरभुरतात. इतर वाइन या वासापुढे नाहीशा होतात, गेवुर्त्सट्रामिनर एकटी त्याच्या तोडीस तोड आवाज लावते. हे चीज सामानातून मुंबईला आणण्याच्या भानगडीत पडू नका. लिफ्टमध्येच चर्चा सुरू होईल आणि रविवारी सोसायटीची सभा लागेल. ते कोल्मारला जाऊनच खावं. वेटर वाइनची यादी पुढे करील, ती न उघडता नाव सांगा, टिंबांसकट किंवा टिंबांशिवाय. आणि ‘सेक’ की ‘म्वालो’ हे मागवण्याआधी विचारा.